बिग बेंडची तयारी: मुक्कामाचे गणित सांडपाण्याच्या टाकीवर

नैर्ऋत्य टेक्सासमधील बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात फेब्रुवारीत मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन जाण्याचे आमचे आता पक्के झाले आहे. मागील नोंदीनंतर बरीच कामे मार्गी लागली असली, तरी मूळ आराखडा मात्र पार बदलला आहे. तेव्हा सगळा भर पिण्याच्या पाण्यावर होता. वाळवंट म्हटले की पाणी मिळेल का, हीच चिंता सर्वप्रथम मनात येते आणि आम्हीही टाकीशिवाय आणखी किती कॅन न्यायचे याच हिशेबात गुंतलो होतो. प्रत्यक्षात रिओ ग्रँड व्हिलेज या नदीकाठच्या तळावर पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. अडचण आहे ती वापरलेले पाणी साठवण्याची.

आधी जागेविषयी. चिसोस बेसिन हा डोंगरांच्या कुशीतला तळ सुमारे ५,४०० फूट उंचीवर असून हवा, झाडी आणि पायवाटा या तिन्ही बाबतींत तो सरस आहे. परंतु तेथे जाणारा रस्ता तीव्र चढाचा आणि नागमोडी असल्यामुळे २४ फुटांहून लांब मोटरहोम किंवा २० फुटांहून लांब ट्रेलर आणू नये, असे उद्यानाचे सांगणे आहे. आमची गाडी २५ फुटांची आहे. एका फुटाने काय बिघडते, असे म्हणणारे अनुभवी लोक भेटतात. पण वळणावर समोरून दुसरी मोठी गाडी आली, तर त्या फुटाची किंमत कळते, म्हणून बेसिन यादीतून काढून टाकले. कॉटनवुड हा पश्चिमेकडील छोटा तळ अतिशय शांत आहे, मात्र तेथे जनरेटरला पूर्ण बंदी आहे आणि शौचालये खड्ड्याची आहेत. सासूबाई सोबत असल्याने तोही मागे पडला. उरले रिओ ग्रँड व्हिलेज. तेथे वीज, पाणी व सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या असलेली मोजक्या गाड्यांची स्वतंत्र जागा आहे खरी, परंतु ती म्हणजे दुकानाशेजारचे फरसबंद वाहनतळच आहे. जोडण्या नसलेल्या मोठ्या तळावर कॉटनवुडच्या झाडांची सावली आहे आणि जनरेटर न लावणाऱ्यांसाठी वेगळा भागही राखलेला आहे. आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि हिवाळ्यातल्या तारखा भराभर संपतात. त्या दिवशी सकाळीच बसून आम्ही या जोडण्या नसलेल्या तळावर चार रात्रींची जागा मिळवली.

आता टाक्यांकडे वळतो. आमच्या गाडीत स्वच्छ पाण्याची टाकी ४० गॅलनची, तर स्वयंपाकघर व न्हाणीचे पाणी जेथे जमते ती टाकी ३० गॅलनची आहे. तळावर फ्लशची शौचालये असल्यामुळे मैल्याच्या टाकीवर भार फारसा येणार नाही. सांडपाणी जमिनीवर सोडण्यास बंदी आहे. टाकी रिकामी करण्याची सोय तळाजवळ आहे. पण तेथे जायचे म्हणजे छत्री मिटवा, ठोकळे काढा, गाडी हलवा आणि परत येऊन पुन्हा समतल करा. चार मोठ्या माणसांना चार रात्रींत ३० गॅलन पुरवायचे झाले, तर रोजचा वाटा साडेसात गॅलन येतो.

हे कागदावर सोपे दिसते, म्हणून घराच्या आवारातच गाडी उभी करून सिंकखाली बादली लावली आणि नेहमीचा स्वयंपाक करून मोजमाप घेतले. वरण-भात, पोळ्या आणि फोडणीची भाजी एवढ्यावरच एका जेवणाच्या भांड्यांना चार गॅलन पाणी गेले. हळदीचा कुकर, तेलाची कढई आणि कणकेची परात हे तीन मुख्य गुन्हेगार. बायकोने तेथेच निकाल दिला, "अहो, भांडी घासणार कोण ते आधी ठरवा, मग पाणी आपोआप वाचेल." त्यानंतर कढई व ताटे आधी कागदाने पुसून घेणे, साबणाचे पाणी फवारणीच्या बाटलीतून मारणे आणि कणीक घरीच मळून शीतकपाटात नेणे, एवढ्या बदलांवर तोच आकडा दोन गॅलनच्या आत आला. भाजणी, मेतकूट आणि पिठल्याचे पीठ यांना यादीत बढती मिळाली आहे. आंघोळ दिवसाआड, तीही बादली-तांब्याने.

विजेचा हिशेब तुलनेने सुटसुटीत निघाला. रात्री हीटरचा पंखा निम्मा वेळ चालला, तरी बारा तासांत बॅटरीतले सुमारे ४२ अँपिअर-अवर (बॅटरीतील साठ्याचे माप) जातात. २०० वॅटचे सौर पॅनल फेब्रुवारीच्या उन्हात दिवसाला साधारण ५५ ते ६० भरून देतात, मात्र पॅनलवर सावली नसली तरच. त्यामुळे सावलीचा मोह आवरून उघडी जागा घेतली आहे. लिथियम बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करता येत नाही, म्हणून ती बाहेरच्या कप्प्यातून काढून पलंगाखाली बसवली.

प्रवासात पहिली रात्र फोर्ट स्टॉकटनला काढायची आणि पेट्रोल तेथेच काठोकाठ भरायचे, असे ठरले आहे. तेथून मॅरेथॉन गाव सुमारे ५८ मैलांवर आहे आणि मॅरेथॉनपासून पँथर जंक्शन हे उद्यानाचे मुख्यालय आणखी ७० मैल. अंधारात रस्त्यावर हरणे आणि हावेलिना (रानडुकरासारखे प्राणी) येत असल्याने हा टप्पा दिवसाउजेडीच पार करायचा आहे. उद्यानात पंप आहेत, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची अंतरे मोठी आहेत: आमच्या तळापासून सांता एलेना दरी साठ मैलांहून अधिक दूर पडते. सुदैवाने ऑस्टिनचे एक कुटुंब तंबू घेऊन छोट्या गाडीने सोबत येत आहे. नदीकाठच्या गरम पाण्याच्या झऱ्याकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर मोटरहोमला मनाई आहे, तेथे आणि बेसिनला त्यांच्याच गाडीने जाऊ.

आपल्यापैकी जे व्हिसावर आहेत, त्यांच्यासाठी एक मुद्दाम सांगतो. परतताना उत्तरेकडे येणाऱ्या गाड्या अमेरिकेच्या सीमा गस्ती दलाच्या (बॉर्डर पेट्रोल) नाक्यावर थांबवून विचारपूस होते. ग्रीन कार्ड, पासपोर्ट आणि आय-९४ची (अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीची) प्रत हाताशी ठेवावी. सांगलीहून आलेल्या सासूबाईंची कागदपत्रे वेगळ्या पाकिटात घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आहेत. नदीपलीकडच्या, मेक्सिकोतल्या बोकियास गावी जाण्याचा विचार या खेपेस सोडला.

टायरचे काम बाकी आहे. बाजूवरच्या सांकेतिक आकड्यांतले शेवटचे चार अंक ३५१८ आहेत, म्हणजे २०१८ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातली निर्मिती. नक्षी अजून नव्यासारखी दिसते, पण उभ्या गाडीचे टायर झिजून नव्हे, वयाने निकामी होतात. सहाही बदलायचे ठरवले असून दोन ठिकाणांहून दर मागवले आहेत. नवे बसले की सामानासह भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक आसावरचे वजन पाहीन आणि हवेचा दाब त्यानुसार ठरवीन. ते आकडे पुढील नोंदीत देतो.