ओझर ते जुहू, भर जुलैत: ५,५०० फुटांवरून जाऊ नका

सह्याद्रीवरून सेस्ना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान कसं न्यायचं हे शिकवणारा एक व्हिडिओ सिमवाल्या, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्या, मंडळींत फिरतोय. नाशिकजवळच्या ओझरहून निघा, घोटीवरून कळसूबाईला वळसा घाला, कुलंगच्या शेजारून कसाऱ्याला उतरा आणि जुहू गाठा. उंची ५,५०० फूट, 'हा काही हिमालय नाही, आरामात जाल'. व्हिडिओतलं आकाश निळंशार आहे. तो कोणत्या महिन्यातला, हे सांगायची तसदी कुणी घेतलेली नाही. मी तोच मार्ग लाइव्ह वेदर (सिममध्ये त्या क्षणाचं खरं हवामान) लावून जुलैत धरला आणि कळसूबाईच्या उतारात विमानासकट घुसलो.

कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. शिखराच्या डोक्यावरून शंभर फूट अंतर ठेवायचं, तेही ढगात! हा सल्ला देणाऱ्याने बारीचा पायथाही पाहिलेला नसणार. त्यात पावसाळ्यात हवेचा दाब बऱ्याचदा १,००४ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. अल्टिमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारा काटा, १,०१३ या प्रमाण दाबावरच राहिला तर तो सुमारे अडीचशे फूट जास्त दाखवतो. काट्यावर ५,५०० आणि तुम्ही शिखरावरच्या देवळाच्या खाली.

माझा अल्टिमीटर बरोबर लावलेला होता. मला खाली आणलं ते वाऱ्याने. पावसाळी वारा समुद्राकडून येतो, म्हणजे नाशिककडून जाणारा माणूस डोंगराच्या पाठीमागून येतो, आणि तिथे हवा कड्यावरून खाली ओतत असते. घोटी मागे पडली, काचेसमोर पांढरं झालं, आणि थ्रॉटल पूर्ण पुढे, म्हणजे इंजिन पूर्ण जोरात, असताना व्हर्टिकल स्पीडचा (चढ-उताराचा) काटा शून्याच्या खाली गेला. वेग ७० नॉटवर (ताशी सुमारे १३० किमी). शेजारचे काका, एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त, खुर्चीमागे उभे होते. "अरे, नाक ओढू नकोस! आधी नाशिककडे फिर!" फिरायला लागलो तोवर डोंगर आलाच होता.

फिरायला जागा किती लागते ते पाठच करून ठेवा. ९० नॉटवर ४५ अंश कलून उलटं वळायला साधारण ४४० मीटर रुंदी लागते. तेच १२० नॉटवर ७८० मीटर. म्हणून डोंगरांत शिरताना वेग आधी कमी करायचा. घाबरून वाढवलात तर दरी अरुंद झालीच म्हणून समजा. ४५ अंशांच्या वळणात स्टॉलचा वेगही, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत तो वेगही, १९ टक्क्यांनी वाढतो, तेव्हा ७० नॉटवर असले प्रयोग नकोत. आणि रांगेकडे कधीही नाक सरळ धरून जाऊ नका. तिरके जा, म्हणजे हवा खाली खेचायला लागली की अर्ध्या वळणात सुटता येतं.

माझं मत: जुलैत ८,००० फूट, नाहीतर जाऊच नका. चढाई ओझरच्या आसपास घिरट्या घालून तिथेच संपवा, दहा-बारा मिनिटं जातात, जाऊ द्या. मिक्स्चर पातळ करायला, म्हणजे विरळ हवेत इंजिनाला पेट्रोल कमी द्यायला, विसरू नका. पंखांवर बर्फ जमायची भीती नाही, पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी पार १६,००० फुटांच्या वर असते. पण कार्ब्युरेटरवालं (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग असलेलं) जुनं मॉडेल उडवत असाल तर वीस अंशांच्या दमट हवेतही कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ धरतो. तिथे गरम हवा सोडणारी कार्ब हीट हाताशी ठेवा.

दुसरी फसवणूक मेटारची, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालाची. मुंबईचा मेटार सांगतो ढग १,५०० फुटांवर, आणि आपल्याला वाटतं खालून निघून जाऊ. ते १,५०० फूट मुंबईच्या विमानतळापासून, म्हणजे जवळजवळ समुद्रापासून मोजलेले. इगतपुरीची जमीनच १,९०० फुटांच्या वर आहे. म्हणजे स्टेशन ढगात, घाट ढगात. खाली उतरायची घाईही नको, कारण आसनगावला माहुली २,८०० फुटांवर उभा आहे. कल्याण येईपर्यंत ४,०००च्या खाली जाऊ नका.

८,००० वरून पुन्हा गेलो, पोचलो. जुहूचं लँडिंग सोपं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

परतीला कसाऱ्याच्या दरीतून रेल्वे धरून वर यायचा मोह होईल. चढ तसा अवघड नाही, सेस्ना आरामात चढते. पण समोर जमीन वर येतेय, ढगांचं छत खाली येतंय, उजवीकडे कुलंगची रांग, आणि वारा पाठीमागून ढकलतोय. ही गल्ली पुढून बंद आहे. सिममध्येसुद्धा माझे तळहात ओले झाले होते. मी खर्डीलाच मागे फिरून उंची घेतली.

आता पैशांचं. या मार्गासाठी '५ मीटर अचूकतेचा सह्याद्री मेश' (मेश म्हणजे सिममधल्या जमिनीच्या चढ-उतारांचा नकाशा) म्हणून एक ॲड-ऑन बाराशे रुपयांना विकलं जातंय. मी घेतलं. अलंग-मदन-कुलंगचे कातळकडे त्यात उन्हात ठेवलेल्या गुळाच्या ढेपेसारखे ओघळलेले दिसतात. फाइल उघडून पाहिली तर आत तोच एसआरटीएमचा (अवकाशातून केलेल्या उंचीच्या मोजणीचा) डेटा, २००० सालच्या फेब्रुवारीत एन्डेव्हर यानाने रडारने मोजलेला, दर ३० मीटरला एक उंची देणारा, कुणालाही फुकट मिळणारा. तीस मीटरच्या चौकटीत उभा कडा मावत नाही, तो उतारच होतो. दिसतोय त्या उतारावर भरवसा ठेवून कड्याजवळून उडायची सवय लावाल आणि चांगल्या मेशवर गेलात की आपटाल. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, डाउनलोड झालं की परतावा नाही. घेऊ नका.

रात्रीचे दोन वाजलेत आणि मान आखडलीय, त्यामुळे भाषा जरा तिखट झाली असेल. आकडे मात्र तपासून लिहिलेत. ज्यांना ५,५०० वरूनच जायचंय त्यांनी ऑक्टोबर उजाडू द्यावा.