आईची संकष्टी, जहाजावरचं जेवण आणि अगत्तीची होडी

बुकिंग पक्कं झाल्यावर चारेक दिवसांनी क्रूझ कंपनीचा फॉर्म आला. रात्रीच्या जेवणाची पंगत निवडायची होती, साडेसहाची किंवा साडेआठची. आईला लवकर जेवायची सवय म्हणून मी साडेसहा टाकणार, तेवढ्यात शेजारी कॅलेंडर चाळत बसलेली आई म्हणाली, "थांब गं. गुरुवारी संकष्टी आहे. चंद्रोदय नऊनंतर."

मी थांबले म्हणून बरं झालं. पंगतीची वेळ एकदा ठरली की पाचही रात्री तीच राहते आणि टेबलही तेच. जागा उरली असली तरच जहाजावर बदलून मिळते. आम्ही साडेआठची घेतली. आई इतर दिवशी सहा वाजता बुफेत दूध-बिस्किटं घ्यायची आणि साडेआठला आमच्याबरोबर थोडंसं जेवायची. पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, की आधी घरातल्या सगळ्यात अवघड माणसाचं वेळापत्रक मांडा, बाकीच्यांचं आपोआप जमतं.

आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई. मुंबई, कोची, लक्षद्वीपमधलं अगत्ती आणि परत मुंबई. पाच रात्री, बुधवारी संध्याकाळी निघून सोमवारी सकाळी परत. क्रूझ तिघांचीही पहिलीच. बोट मात्र आईला नवी नव्हती. ती देवगडकडची. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीनं गावी जायची. त्याचा उपयोग कसा झाला ते पुढे सांगते.

निघण्याआधी मी कंपनीला एक ईमेल लिहिली. आईचा गुरुवारी उपास आहे, एरवी तिला कांदा-लसूण चालत नाही आणि गुडघ्यामुळे ती वीसेक पायऱ्यांपुढे चढत नाही, असं स्पष्ट लिहिलं. उत्तर नम्र होतं, पण त्यातलं महत्त्वाचं वाक्य शेवटी होतं. जहाजावर चढल्यावर त्याच दुपारी डायनिंग रूमच्या मॅनेजरला प्रत्यक्ष भेटा. हे मी अधोरेखित करून ठेवलं. ईमेल ऑफिसात पोचते, स्वयंपाकघरात पोचेलच असं नाही.

बॅलार्ड पिअरला आम्ही दादरहून टॅक्सीनं गेलो. फोर्टात एवढी वर्षं नोकरी केली, पण त्या फाटकातून आत कधी गेले नव्हते. पूर्वी विलायतेच्या बोटीतून उतरलेले लोक इथल्याच बॅलार्ड पिअर मोल स्टेशनातून उत्तरेकडच्या गाड्या पकडत. आता तिथे विमानतळासारखं चेक-इन असतं. मोठ्या बॅगा तिथेच द्यायच्या, त्या नंतर केबिनच्या दारात येतात. आमच्या यायला संध्याकाळचे सहा वाजले. औषधं, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत होता म्हणून निभावलं. आईसाठी नेलेली पाणी तापवायची इलेक्ट्रिक किटली तपासणीत काढून घेतली, पावती दिली आणि उतरताना परत केली. आग ही जहाजावरची सगळ्यात मोठी भीती, त्यामुळे इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती यांतलं काहीही केबिनमध्ये चालत नाही. आईनं निरांजन घेतलं होतं. ते पिशवीतच राहिलं.

पहिल्या दुपारी सगळं जहाज बुफेवर लोटतं. आम्हीही लोटलो आणि चाळीस मिनिटं रांगेत उभे राहिलो. त्याच वेळी खालच्या डेकवर मुख्य डायनिंग रूम उघडी होती आणि निम्मी रिकामी होती, हे नंतर कळलं. वयस्कर माणूस बरोबर असेल तर तिथेच जा. बुफेत पदार्थ भरपूर असतात, पण जहाज थोडं डुलत असताना एका हातात ताट आणि दुसऱ्या हातानं कठडा, हे आईला जमणारं नव्हतं. डायनिंग रूममध्ये वाढायला माणूस येतो, पाणी गार नको म्हटलं की कोमट येतं, आणि दुसऱ्या दिवसापासून न सांगता येतं.

जेवल्यावर मी मॅनेजरना भेटले. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि आमच्या टेबलाच्या वेटरला बोलावलं. तो निघाला गुहागरचा. आईनं गाव विचारलं, त्यानं सांगितलं आणि पुढचे पाच दिवस आई त्याची आजी झाली. त्याच्याकडून मला जहाजाच्या स्वयंपाकघराची रीत समजली. उद्या काय आणि किती शिजणार हे आज दुपारीच ठरतं. वाटेत दुकान नाही. जे मुंबईच्या धक्क्यावर चढलं तेवढंच पुढे. साबुदाणा चढला होता, दाणे होते, बटाटे होते. सैंधव मीठ नव्हतं, ते आईच्या पुडीतलं दिलं. मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, की कढई वेगळी घ्या. उपासाचे बटाटे ज्या तेलात मासे तळले त्याच तेलात तळलेले आईला चालणार नव्हते, आणि हे समोरच्याला आपणहून सुचेल अशी अपेक्षा ठेवणं योग्य नाही. जैन जेवणाची सोय होती. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी ते मागावं, आईनं बाकीचे दिवस तेच घेतलं. ज्यांना शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांनी तर हे दर जेवणाला सांगावं, कंटाळा करू नये.

गुरुवार पूर्ण दिवस समुद्रात होता. आई दिवसभर लिंबूपाणी आणि केळ्यावर होती. मला काळजी वाटत होती, कारण रिकाम्या पोटी बोट जास्त लागते. तिनं सकाळीच आलेपाकाची वडी तोंडात धरली, आणि आम्ही केबिन मुद्दाम खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्याजवळ घेतली होती, तिथे हालचाल सगळ्यात कमी जाणवते. नवऱ्यानं डॉक्टरांना विचारून नेलेली गोळी बोट सुटायच्या आधी घेतली होती. मळमळायला लागल्यावर घेऊन तिचा फारसा उपयोग होत नाही.

नऊ वाजता आम्ही डेकच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिलो. जहाज दक्षिणेला चाललं होतं, म्हणजे पूर्व डावीकडे. क्षितिजाशी धूसर होतं. पंचांगाच्या वेळेनंतर दहा-बारा मिनिटांनी चंद्र तांबूस होऊन वर आला. आईनं वाटीतल्या पाण्यानं ताम्हनात अर्घ्य दिलं, फूल वाहिलं, हात जोडले. समुद्रात काही टाकायचं नाही हे तिला आधीच सांगितलं होतं, ते तिला पटलंही. खाली आलो तेव्हा आमचं टेबल सोडून बहुतेक आवरलं होतं. गुहागरचा मुलगा खिचडी झाकून घेऊन उभा होता. दाण्याचं कूट जरा जाड होतं, पण साबुदाणा मोकळा होता. आई एक दाणा न टाकता जेवली. मला त्या क्षणी रडू येत होतं, ते मी आवरलं.

जादा पैशांच्या स्पेशालिटी रेस्टॉरंटबद्दल बरेच जण विचारतात. आम्ही रविवारी रात्री एकदा गेलो. शांत होतं, जेवण सावकाश आणि निगुतीनं वाढलं. पहिल्या खेपेला एक संध्याकाळ पुरे आणि तीही समुद्रातल्या दिवसाची. बंदरावर दिवसभर फिरून आल्यावर तीन तास जेवत बसायचं त्राण राहत नाही. कपड्यांचा नियम मात्र आधी वाचा. रात्री डायनिंग रूममध्ये हाफ पँट आणि स्लिपर चालत नव्हती. आईची नारायणपेठी सगळ्यांत उठून दिसली. ताटाला हात लावण्याआधी साबणानं हात धुवा. पोटाचा जो विषाणू जहाजांवर पसरतो तो सॅनिटायझरला नीट दाद देत नाही.

आता किनाऱ्यावरच्या सहली. इथे माझी चूक झाली. कोचीला जहाज सकाळी आठ ते संध्याकाळी पाच थांबणार होतं, म्हणून मी घरी बसून दोन सहली घेतल्या, सकाळी फोर्ट कोची आणि दुपारी बॅकवॉटर. कागदावर बसत होत्या. पण आठला जहाज लागलं म्हणजे आठला आपण रस्त्यावर, असं होत नाही. आधी परवानगी, मग नंबराप्रमाणे गट सोडतात. बस हलली तेव्हा साडेनऊ झाले होते. संध्याकाळी पाचला जहाज सुटणार, तर सगळ्यांनी चारला वर असायचं होतं. उरले साडेसहा तास, त्यात चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे आणि कोचीचा दमट उकाडा. दुपारची सहल सोडून दिली. चोवीस तासांच्या आत रद्द केल्यामुळे पैसे गेले. एका बंदराला एकच सहल घ्यावी, हे मी स्वतःच्या खिशातून शिकले.

सकाळची सहल मात्र चांगली झाली. जहाज विलिंग्डन बेटावर लागतं, तिथून बस पुलावरून फोर्ट कोचीला जाते. चिनी जाळी पाहिली. एक जाळं वर ओढायला चारपाच माणसं आणि दोराला बांधलेले दगड लागतात. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ मध्ये पुरलं होतं त्या जागी कठडा आहे. त्याचे अवशेष १५३९ मध्ये पोर्तुगालला नेले. तिथे सपाट जमीन, सावली आणि बसायला बाकं, त्यामुळे आई निवांत होती. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि आम्ही नेमके शुक्रवारी पोचत होतो. हे मी मुंबईतच तपासलं होतं, म्हणून राजवाड्याची सहल न घेता १५६८ च्या 'परदेशी सिनेगॉग' या ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची घेतली. ते शनिवारी बंद असतं. जमिनीच्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा हातानं रंगवलेल्या आहेत, आई एकेक वाकून बघत होती. सहल घेण्याआधी त्या त्या वारी काय बंद असतं ते प्रत्येकानं बघावं. पायऱ्या किती आणि स्वच्छतागृह कुठे, हेही सहलीच्या काउंटरवर बेधडक विचारावं.

जहाजाची सहल घ्यावी की स्वतः टॅक्सी करावी? टॅक्सी स्वस्त पडते आणि आपल्या चालीनं फिरता येतं. पण जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. आपली टॅक्सी पुलावरच्या गर्दीत अडकली तर कुणी थांबत नाही. आई बरोबर असताना मला तो घोर नको होता. दोघंच असतो तर टॅक्सी केली असती आणि दोन तास आधी धक्क्यावर परतलो असतो.

अगत्तीला हा प्रश्नच नाही. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही परवाना लागतो, तो कंपनीनं आमच्या कागदपत्रांवर आधीच काढला होता. बेटाला मोठं जहाज लागेल असा धक्का नाही. जहाज बाहेर उभं राहतं आणि छोट्या बोटींतून लोकांना नेतात. आदल्या रात्रीच कप्तानांनी सांगितलं होतं, वारा वाढला तर उतरणं रद्द. असं खरंच होतं, तेव्हा मनाची तयारी हवी.

सकाळी समुद्र बरा होता, तरी बोट दीड-दोन फूट वरखाली होत होती. दरवाज्याशी रांग अडली होती. पुढचे तरुण लोक बोट खाली असताना पाय टाकायला जात आणि मागे घेत. मी आईला म्हटलं, राहू दे, आपण वर बसू. ती म्हणाली, "देवगडला बोट बाहेर उभी राहायची आणि आम्ही पडावात उतरायचो. कडेवर पोर घेऊन बायका उतरायच्या." तिनं चपला पिशवीत टाकल्या, काठी नवऱ्याकडे दिली, खलाशाचा पंजा न धरता कोपराखाली हात धरला. बोट वर आली, क्षणभर थांबली, आणि त्या क्षणी ती पलीकडे होती. खलाशानं मागच्यांना सांगितलं, असं उतरा. मी तिच्यासारखीच उतरले.

बेटावर नारळाची सावली, पांढरी वाळू आणि इतकं नितळ पाणी की काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ आणि कासव दोन्ही दिसलं. दारू तिथे चालत नाही. प्रवाळाचा तुकडाही उचलायचा नाही, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. आमच्या बोटीतल्या एका मुलानं उचललेला तुकडा त्याच्या आजोबांनी परत पाण्यात ठेवायला लावला. नवऱ्यानं ट्यूना खाल्ला, आईनं दोन शहाळी प्यायली. परतीची पहिली बोट घ्या, शेवटची नको. दुपारनंतर वारा उठला आणि शेवटच्या बोटीतले लोक चिंब होऊन आले.

रविवारी रात्री अकराला मी काउंटरवर जाऊन बिल तपासलं. तेव्हा रांग नव्हती. आम्ही न घेतलेली दोन शीतपेयं त्यात होती, ती त्यांनी लगेच काढली. सेवेचं शुल्क दर माणशी दर दिवशी लागलेलंच होतं. गुहागरच्या मुलाला आईनं वेगळे पाचशे दिले आणि घरचा पत्ता लिहून घेतला. सोमवारी उजाडता डेकवरून प्रॉन्ग्जचं दीपगृह दिसलं, तेव्हा ती शाल गुंडाळून कठड्याशी उभी होती आणि भाऊचा धक्का कुठल्या बाजूला ते नवऱ्याला दाखवत होती.