एसएसडी नोंदवही: ट्रिम ड्राइव्हपर्यंत पोचतच नव्हता

दोन आठवडे या एका ड्राइव्हच्या मागे होतो. ट्रिम म्हणजे डिलीट झालेल्या फाइलींची जागा आता रिकामी आहे हे सिस्टिमने ड्राइव्हला कळवणं. १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान जातीची एसएसडी), वर लिनक्स, ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम आणि लक्स एन्क्रिप्शन, म्हणजे ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारा थर. तक्रार एकच: ६० जीबीची व्हिडिओ फाइल कॉपी करताना सुरुवातीला वेग झकास, मग धाडकन खाली. एसएलसी कॅश (ड्राइव्ह रिकाम्या जागेतून बनवते तो वेगवान तात्पुरता भाग) भरली की वेग पडतो हे आपल्याला ठाऊकच आहे, पण जवळजवळ निम्मी ड्राइव्ह रिकामी असताना इतक्या लवकर?

आधी तापमानावर संशय घेतला. हीटसिंक बसवला, आकडा ७१ अंशांवरून ५८ वर आला, वेग मात्र जिथल्या तिथे. स्मार्टमध्ये, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, 'डेटा युनिट्स रिटन' ४ कोटी १२ लाख. एक युनिट ५,१२,००० बाइट्सचं, म्हणजे आजवर साधारण २१ टीबी लिहून झालंय. 'पर्सेंटेज यूज्ड', म्हणजे झिजेचा अंदाज, ४ टक्के. ड्राइव्ह झिजलेली नाही हे कळल्यावर जीव भांड्यात पडला.

ट्रिम पाठवणाऱ्या एफएसट्रिम या कमांडचा आठवड्याचा टायमर चालू होता, लॉगमध्ये एकही एरर नव्हती, म्हणून तिकडे मी बघतच नव्हतो. शेवटी रूट पार्टिशनवर तो हाताने चालवला, तर उत्तर आलं: डिस्कार्ड (लिनक्समध्ये ट्रिमचंच नाव) सपोर्टेड नाही! टायमरची सर्व्हिस 'क्वाएट-अनसपोर्टेड' हा पर्याय लावून चालते, त्यामुळे ही ओरड कधी कानावर आलीच नाही. ड्राइव्ह आणि तिच्यावरचे थर यादीत दाखवणाऱ्या 'एलएसबीएलके' कमांडला डिस्कार्डचा तपशील विचारला. ड्राइव्हच्या ओळीत ५१२ बाइट्स, तिच्याखाली लक्सच्या ओळीत शून्य, म्हणजे तिथून डिस्कार्ड पुढे जातच नाही. गाडी तिथेच अडत होती.

नँडवर, म्हणजे एसएसडीतल्या मेमरी चिपवर, लिहिता येतं पानापानाने, पण पुसावा लागतो अख्खा ब्लॉक. फाइल डिलीट झाली तरी ट्रिम मिळेपर्यंत कंट्रोलर (ड्राइव्हमधली कारभार पाहणारी चिप) तिची पानं जिवंतच धरतो, आणि ब्लॉक मोकळा करताना ती इमानाने दुसरीकडे उतरवून ठेवतो. मला रिकामी दिसणारी जागा त्याच्या लेखी भरलेली होती. मग कॅशला जागा कुठून मिळणार?

लक्स डिस्कार्ड बंद ठेवतं ते विचार करूनच, कारण तो चालू केला की कुठले ब्लॉक रिकामे आहेत हे बाहेरून ओळखता येतं. घरच्या मशीनसाठी मला ते चालतं. ज्यांना चालत नसेल त्यांनी नव्या ड्राइव्हवर थोडी जागा पहिल्यापासूनच पार्टिशनबाहेर सोडावी, तिचाही चांगला उपयोग होतो.

क्रिप्टटॅबमध्ये (एन्क्रिप्टेड ड्राइव्हच्या सेटिंगची फाइल) 'डिस्कार्ड' हा शब्द घातला, इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी सिस्टिम) पुन्हा बनवलं, रीबूट. शून्याच्या जागी ५१२ आले. हाताने ट्रिम दिल्यावर ४१२ जिबीबाइट्स एका फटक्यात मोकळे झाले. लगेच पुन्हा चालवलं तर आकडा नगण्य. ईएक्सटी४ आधी ट्रिम केलेले भाग लक्षात ठेवतं, त्यामुळे त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

रात्रभर मशीन नुसतंच चालू ठेवलं आणि सकाळी तीच ६० जीबीची फाइल घेतली. वेग शेवटपर्यंत टिकला.

आता यूएसबी एन्क्लोजरमधली (यूएसबीने जोडायच्या डबीतली) जुनी साटा, म्हणजे आधीच्या जोडणीची, ड्राइव्ह घेतली आहे. तिच्या ओळीतही शून्यच दिसतंय.