गहू न दळणारी गिरणी : आमची वाटचाल

सोलापुरात पीठगिरणी चालवायची आणि गहू दळायचा नाही म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. पेठेत राहायला आलेलं एखादं नवं बिऱ्हाड अजूनही गव्हाचा डबा घेऊन येतं, बाहेरची पाटी वाचतं आणि विचारतं, "मग दळता तरी काय?" ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, डाळी, राजगिरा, वरई आणि भाजण्या. गहू नाही आणि जवही नाही. डबा नुसता "जरा ठेवते, बाजारातून येते" म्हणून आत ठेवायचीही परवानगी नाही. यावरून शेजारपाजारच्यांचे रुसवेफुगवे झाले, पण त्याला इलाज नाही.

गिरणी सासऱ्यांची. अण्णा म्हणतात त्यांना सगळे. खाली गिरणी आणि वर आम्ही, अशी जुन्या पेठेतली रचना. दिवसाला येणाऱ्या दहा डब्यांतले सहा-सात गव्हाचे. सोलापूर ज्वारीचं खरं, पण रेशनवर गहू आला, डब्याला पोळी आली आणि भाकरी रात्रीच्या जेवणापुरती उरली. आमचं पोट गव्हावरच भरत होतं. त्याच घरात धाकट्या मुलाला सिलिअ‍ॅक, म्हणजे गहू न चालणारा आतड्याचा आजार, निघाला.

निदानाआधीचा काळ फार उगाळत नाही, कारण असा मुलगा ज्यांच्या घरात आहे त्यांना तो ठाऊक आहे. पोट सुटलेलं, हातपायांच्या काड्या, उंची वर्गात सगळ्यांत कमी, रक्त काही केल्या वाढेना. जंताचं औषध झालं, लोहाची सिरपं झाली, दृष्ट काढून झाली. शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी सांगितली आणि बजावलं, "दुर्बिणीची तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका." हे मी फोनवर येणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगते. शंका आली की लोक आधी पोळी बंद करतात आणि मग तपासायला जातात. गहू बंद असला की रक्तातलं टीटीजीचं प्रमाण उतरतं, आतडं भरून यायला लागतं आणि आजार असूनही अहवाल साफ येऊ शकतो.

सिलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक परदेशी धान्य) यांत ग्लुटेन नावाचं चिकट प्रथिन असतं. ते पोटात गेलं की या माणसांची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. अन्न शोषून घेणारे बारीक अंकुर झिजून सपाट होतात, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. गोळी नाही, ऑपरेशन नाही, जन्मभर पथ्य एवढंच. हे पथ्य ज्यांच्यामुळे समजलं ते डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, 1944-45 मध्ये, हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला. तेव्हा ही आजारी मुलं उलट बरी दिसू लागली आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. गव्हाबद्दलचा त्यांचा संशय त्यातून पक्का झाला. दुष्काळात सुधारणारी मुलं! दुष्काळी भागातली माणसं आम्ही, तरी हे ऐकून चक्रावलो.

आम्हाला वाटलं, आपल्याला काय अवघड? भाकरी आहे, भात आहे, पोहे आहेत. पोळी बंद केली. पोरगं थोडं उचललं आणि तिथेच अडकलं. टीटीजीचा आकडा हवा तसा खाली येईना. पथ्य कडक पाळूनही असं का, याचं उत्तर घराच्या खालीच होतं.

गिरणीत दळण देणाऱ्या बायका पूर्वीपासून सांगतात, "गव्हावर गहू दळा हं, ज्वारीवर ज्वारी." कारण आधीच्या दळणाचं पीठ दगडांत, पेटीत, नळीला बांधलेल्या कापडात राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं. पोळी लाटताना फाटू नये, भाकरी चिकट होऊ नये, एवढ्यासाठीच तो आग्रह असे. आमच्या मुलाची ज्वारी त्याच दगडांवर दळली जात होती. शिवाय पिठाची धूळ जिन्यावरून वर येत होती. पाण्याच्या माठावरचं झाकण सकाळी पुसलं तरी दुपारी त्यावर पांढरा थर असायचा.

वर स्वयंपाकघरात वेगळी घरघंटी आणली. पोळपाट-लाटणं, तवा, परात, चाळणी वेगळी केली. लाकूड कितीही घासलं तरी आत पीठ धरून ठेवतं, म्हणून जुना पोळपाट बाहेरच काढला. एवढ्यात त्याच डॉक्टरांकडची आणखी काही घरं पीठ मागायला येऊ लागली. कुणी अक्कलकोटहून, कुणी पंढरपूरहून. घरघंटी पुरेना. मी अण्णांना म्हटलं, खालच्या गिरणीतला गहू बंद करू या. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अगं, गव्हाला नाही म्हणणारी गिरणी म्हणजे देवळात देव नको म्हणण्यासारखं आहे." आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच जुन्या चक्कीचं गिऱ्हाईक शोधायला बाहेर पडले. दगड धुऊन चालत नाहीत, ते बदलावेच लागतात, हे मला त्यांनीच सांगितलं. दगडाला टाकी मारण्यात त्यांचा जन्म गेला, दगडाच्या पोटात काय काय राहतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जुनी चक्की गेली, लाकडी फळ्या गेल्या, भिंती खरवडून नव्याने रंगवल्या. गव्हाचं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. पहिली वर्षं यजमानांच्या नोकरीवर घर चाललं.

लोकांना वाटतं, गहू बंद केला की झालं. खरी कटकट तिथून पुढे, धान्य घेताना सुरू होते. कायद्याने पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आतच ग्लुटेन चालतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचं प्रमाणही 2008 पासून तेच आहे. आकडा कागदावर छान दिसतो, पण तो दाण्यांत मोजून बघा. गव्हाचा एक दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा, त्यात ग्लुटेन सुमारे दहावा हिस्सा. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे दळले गेले की मर्यादा गाठली. 50 किलोच्या पोत्यात पोहे खायच्या चमच्याने एक चमचा गहू, बस.

आणि तो चमचाभर गहू येण्याच्या वाटा भरपूर. आमच्याकडे शाळू आणि गहू दोन्ही रब्बीचे. काढणी मागेपुढे, मळणी यंत्र गावात तेच, ट्रॉली तीच, खळं तेच. आडत्याकडे बारदान फिरतं असतं. काल ज्यात गहू होता त्या पोत्यात आज ज्वारी. पोत्याच्या शिवणीत अडकलेले दाणे मी स्वतः सुईने काढून एका आडत्याच्या गादीवर ठेवले होते. तो म्हणाला, "ताई, चार दाण्यांनी कुणी मरतंय का?" मेलं कुणीच नसतं. पण आतडं चार दाण्यांनीही चिडतं, आणि दरवेळी पोट दुखून ते सांगतंच असं नाही. वरून माणूस ठणठणीत आणि आत अंकुर झिजताहेत, असंही होतं.

आता मंगळवेढ्याकडच्या काही शेतकऱ्यांकडून मालदांडी थेट घेतो. मंगळवेढ्याच्या या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. त्याचा आम्हाला अभिमान आहेच, पण सौदा ठरतो दुसऱ्याच गोष्टीवर : मळणी यंत्र आधी रिकामं चालवून झाडून घ्यायचं, पहिलं पोतं आम्हाला द्यायचं नाही, आणि पोती आमची, नवी. त्याचे क्विंटलमागे जास्त पैसे देतो. माल आला की चाळण्या, मग निवडणं. ज्वारी गोल, गहू लांबट, म्हणून डोळ्याला पटकन सापडतो. नाचणी बारीक, तिथे चाळणीच काम करते. धण्यांनी मात्र घाम फोडला. भाजणीला धणे लागतात, आणि धण्यांत गव्हाचा दाणा असा लपतो की निवडणाऱ्या मावशींनी चष्म्याचे नंबर वाढल्याची तक्रार केली. धणे आम्ही दोनदा निवडतो, दोन वेगळ्या बायका. शेवटी प्रत्येक लॉटचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एलिझा नावाच्या, ग्लुटेन मोजणाऱ्या तपासणीला जातो. अहवाल येईपर्यंत माल हलत नाही. एकदा उडदाचा आख्खा लॉट मर्यादेबाहेर गेला. तो साध्या भावात विकला आणि त्या व्यापाऱ्याशी व्यवहार संपवला.

हिंगाचं प्रकरण असंच. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे थोडा अस्सल हिंग आणि बाकी डिंक आणि पीठ, आणि ते पीठ बहुतेक वेळा मैद्याचं. लग्नाच्या पंगतीत आमचा मुलगा बसला की मी मनात ताट पुसत जायची. जिलेबी मैद्याची, पुरी गव्हाची, भजी त्याच पुऱ्यांच्या तेलात, आमटीला हिंगाची फोडणी, मठ्ठ्यातसुद्धा हिंग. उरलं काय? पांढरा भात आणि लिंबाची फोड. म्हणून तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग छोट्या डब्यांत आणला. तो नफ्यासाठी नाही, पण पिठाच्या ऑर्डरीत नव्या घरांची पहिली मागणी आज त्याचीच असते.

गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक, ज्याने वजन कमी करायला ग्लुटेन सोडलंय. 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून गाजलं तेव्हा हे गिऱ्हाईक खूप वाढलं, आणि पुढच्या वर्षी निम्मं कुठे गेलं कळलं नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, पैसे रोख देतात. पण धंदा कसा चालवायचा हे दुसऱ्यांकडे बघून ठरतं, ज्यांना सुटकाच नाही. त्यांच्या गरजाही गावागणिक वेगळ्या. सोलापूरकराला ज्वारीचं पीठ द्या, तो खूश. इंदूरच्या मराठी घराला मात्र पोळीच हवी, घडीची, मऊ, डब्यात दुपारपर्यंत टिकणारी. ग्लुटेन नसलं की कणकेला ताण येत नाही, लाटताना कडा फाटतात. सासूबाईंनी यावर बरीच खटपट केली. ज्वारी आणि तांदळाच्या पिठाची आधी उकड काढायची, मग त्यात इसबगोल भिजवून मळायचं, म्हणजे पोळी लाटता येते. गव्हाची सर येत नाही, उगाच का खोटं बोला? पण गुंडाळून भाजी बांधता येते, आणि शाळेच्या डब्यात पोराला तेवढं पुरतं.

प्रवासाला मात्र काही शोधावंच लागलं नाही. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पातळ, पापडासारखी, दिवसेंदिवस टिकणारी. आमच्या बायका ती पूर्वीपासून करत होत्या, आम्ही फक्त पीठ आणि तवा शुद्ध केला. अमेरिकेला जाणारी मुलं बॅगा भरून नेतात.

सणावारांचंही तसंच. उपासाचं सगळं ताट, साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, मुळातच चालणारं, फक्त दळण स्वच्छ हवं. उकडीचे मोदक चालतात. वेळ अमावास्येच्या शेतातल्या जेवणात भज्जी, आंबील, उंडे, भाकरी सगळं चालतं, तेवढी गव्हाची खीर सोडायची. सत्यनारायणाला रव्याऐवजी तांदळाच्या कण्यांचा शिरा करून देतो. "देवाला चालेल का?" असं एकीने विचारलं. अण्णा म्हणाले, "देवाला सांगा, पोराला चालत नाही." वसईच्या एका ताईंनी चर्चमधल्या प्रसादाच्या भाकरीबद्दल विचारलं तेव्हा मात्र आमचे हात टेकले. ती गव्हाचीच लागते, कॅथलिक चर्चने 2017 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. ग्लुटेन अगदी थोडं असलेली चालते, पण ती बनवणं आमचं काम नव्हे. त्यांना फादरांशी बोलायला सांगितलं.

भाव जास्त का, हे रोज कुणीतरी विचारतं. जास्त आहेच. नवी पोती, दोनदा निवडणं, प्रत्येक लॉटची तपासणी आणि नापास मालाचं नुकसान, हे सगळं त्या किलोत आहे. गावातली ज्वारी स्वतः निवडून घरघंटीवर दळून खाल्ली तर स्वस्त पडते, आणि ज्यांना जमतं त्यांना मी तेच सांगते. तुमचं धान्य आमच्याकडे दळायला मात्र पाठवू नका, ते कितीही स्वच्छ असलं तरी.

दिवाळीच्या ऑर्डरी नवरात्रात घेणं सुरू करतो. चकली, शेव, चिवडा, अनारसे, बेसनाचे लाडू मिळतील, तळणीच्या कढया आमच्याच, त्यात दुसरं काही पडत नाही. करंजी तांदळाच्या पारीची करतो, ती नाजूक असते, कुरिअरने मोडते, म्हणून फक्त सोलापुरात. शंकरपाळ्यांचं विचारू नका. सासूबाईंचे प्रयोग चालू आहेत, आणि त्या म्हणतात, तोवर शंकरपाळ्या दुकानात ठेवायच्या नाहीत.