कामगारांचा वीरगळ: हात गेला, गेज मिळालं

मंडळी, दोन महिने काही लिहिलं नाही. नव्यांसाठी: वीरगळ म्हणजे वीराच्या आठवणीसाठी कप्प्याकप्प्यांत कोरलेला दगड, खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा. तसाच एक मी युद्धकाळातल्या कारखान्यांच्या कामगारांसाठी कोरतोय, आणि खालच्या कप्प्यातला मधला माणूस म्हणजे माझे आजोबा. खालच्या कप्प्यातल्या मधल्या माणसाचा उजवा हात कोपरापासून उडाला होता आणि ते सांगवत नव्हतं. परवा रात्री वाट सापडली, म्हणून आज लगेच बसलो.

दगड खाणीवरून आणला तेव्हा सगळीकडे वाजवून घेतला होता. खणखणीत होता, फक्त खाली डावीकडे थोडा बद्द वाजला. ते मी मनावर घेतलं नाही, चूक माझीच. बाहीच्या सुरकुत्या काढताना हलकीच टाकी मारली आणि अंगठ्याएवढा टवका निघून पायाशी पडला. आत भोक, त्याला पांढऱ्या स्फटिकांचं अस्तर. आपल्या सह्याद्रीच्या दगडाचं हे जुनं दुखणं. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पुढे त्यांत झिओलाइट खनिजाचे स्फटिक भरले. पण ते नेमकं आजोबांच्या हातात निघावं?

आधी एराल्डाइटमध्ये दगडाची पूड कालवून भरलं. वाळल्यावर इतकं बेमालूम दिसलं की घरच्यांना दाखवून आलो. पाणी मारलं आणि जीव खाली गेला. दगड काळाभोर झाला, भरलेली जागा मात्र राखाडीच राहिली. पावसाळ्यात चार महिने तो डाग दिसणार. सगळं खरवडून काढलं. मग पूर्ण कप्पाच सहा मिलिमीटर खोल न्यायचं ठरवलं. दोन संध्याकाळी एका कडेला करूनही पाहिलं, पण बाकी दोघांच्या पोटऱ्या काडीसारख्या झाल्या असत्या. नवा दगड घ्यावा इथपर्यंत आलो होतो.

आजोबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत गेजिंगला होते, दुसऱ्या महायुद्धात. गेज म्हणजे काडतूस मापात आहे का ते तपासायचा भोकाचा ठोकळा. कारखाना १८६९चा. तिथे पॉइंट थ्री नॉट थ्री रायफलची काडतुसं व्हायची. सातारा रोड स्टेशनवरून मीटर गेजच्या गाडीने पुण्याला उतरायचं आणि पुढे खडकी. काम एका ओळीत सांगायचे: "भोकात सोडायचं, बूड वर राहिलं तर बाद." काडतूस गेजमध्ये पूर्ण बसलं नाही तर ते रायफलमध्येही बसणार नाही, आणि ते कळेल तेव्हा समोर शत्रू असेल. सांगताना त्यांची तीन बोटं आपोआप जुळायची, चिमटीत काडतूस असल्यासारखी.

परवा रात्री दिवा तिरका धरून त्या भोकाकडे बघत बसलो होतो. माझीच तीन बोटं जुळली आणि लख्ख दिसलं, हे गेजचं भोक आहे! हात त्याच्या वर हवा, आत नको. लगेच टोच्याने स्फटिक साफ केले आणि भोकाभोवती गेजचा चौकोनी ठोकळा आखला. दंड आता मागच्या पातळीत, पाच मिलिमीटर खोल घेतोय. चिमटीतली दोन बोटं काल पूर्ण झाली. तर्जनीचं नख दिसतंय. ते नख मी पाच वेळा उठून बघून आलो.

हत्यारं कोणती वापरतो असं काहींनी विचारलं होतं. ऑनलाइन मागवलेल्या कार्बाइडच्या छिन्न्यांची धार चार दिवसांत तुटली. गावातल्या लोहाराने पाणी दिलेली साधी पोलादी टाकी अजून चालतेय, आणि तिला परत शेवटायला, म्हणजे टोक तापवून धार काढायला, तो आहे. ग्राइंडर फक्त मागची बाजू सरळ करायला, तोही पाणी सोडून आणि मास्क लावूनच. ही धूळ फुफ्फुसात बसली की निघत नाही.

खालच्या कप्प्यात स्फोट दाखवा असं काहींनी सुचवलं होतं, कारण वीरगळात तिथे लढाई असते. मी दाखवणार नाही. इंग्लंडमध्ये लीड्सजवळ बार्नबोच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात ५ डिसेंबर १९१६ च्या रात्री स्फोटात ३५ बायका गेल्या. कित्येकींची ओळख गळ्यातल्या बिल्ल्यावरून पटवावी लागली. सेन्सॉरमुळे तेव्हा बातमीही आली नाही, आणि काही तासांत दुसऱ्या बायका आपणहून त्याच खोलीत कामाला उभ्या राहिल्या. मला त्या उभ्या राहिलेल्या बायका महत्त्वाच्या वाटतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धातल्या ४६ जवानांचं स्मारक आहे, ते असायलाच हवं. काडतूस तपासणारा हातही कुठेतरी दगडात हवा. माझ्या लेखी तो हातच लढाई आहे.

हे लिहितानाच मधला कप्पा बदलावासा वाटतोय. अप्सरांऐवजी रेल्वेचा डबा घ्यायचा होता, पण तिथेही माणसंच हवीत, त्या बार्नबोच्या बायका. दोन्ही युद्धं, दोन्ही कारखाने एकाच दगडात. डबा खाली जोत्यावर जाईल. वर शिवपूजा, चंद्र, सूर्य तसेच.

कडेच्या नक्षीत काडतुसाची बुडं कोरायची आहेत, त्यावर खडकीच्या कारखान्याचा शिक्का: के, बाण आणि एफ. खरं बूड १३.७ मिलिमीटरचं. त्या मापाची अक्षरं टाकाऊ तुकड्यावर करून पाहिली, एफचा दांडा लगेच उडाला. जवळपास दुप्पट करतो, २७ मिलिमीटर.

रविवारी किकलीला जातोय, तिथल्या वीरगळांच्या खालच्या कप्प्यांची खोली मोजायला. येणाऱ्यांनी टॉर्च आणा, उजेड तिरका धरायला माणूस कमी पडतो.