बाभळीच्या गाठीचा वाडगा: काळा हात झाला, आता लाख

वाडग्याचं वजन घटायचं थांबलंय, म्हणजे लाकूड वाळलं. लेथवर (लाकूड फिरवत घडवायच्या यंत्रावर) दुसऱ्यांदा कातून 180 नंबरच्या सँडपेपरवर थांबलो. त्याहून बारीक घासलं की पृष्ठभाग मिटतो आणि रंग आत शिरत नाही.

काळ्यासाठी डबा विकत आणला नाही. बाभळीत टॅनिन (लोखंडाशी मिळून काळं पडणारं तुरट द्रव्य) असतंच, म्हणून व्हिनेगरमध्ये गंजके खिळे भिजत घातले. (साधं लोखंडच हवं, स्टेनलेस नको. आणि बाटलीचं झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो.) ते पाणी फिरवलं की बघता बघता लाकूड काळंभोर होतं. सालीलगतची पांढरी कड मात्र राखाडीच राहिली. तिथे आधी कडक कोरा चहा लावता आला असता, पण मला ती कडच आवडली.

खरी मजा 240 ने परत घासताना. गाठीत रेषा सरळ नसतात, वाट्टेल तशा वळतात. जिथे रेषांची टोकं वर आलेली असतात तिथे काळा खोल मुरतो. जिथे त्या आडव्या पडलेल्या तिथला सहज निघतो आणि खालून तांबूस लाकूड डोकावतं. गाठीतला एकेक डोळा (गोल ठिपका) सुटा दिसायला लागला की लेथ बंद करून पुढचं हातानेच. फिरत्या लेथवर हा टप्पा हमखास हुकतो.

वरून मधाळ रंगाचा डाय, तोही पाण्यातला. स्पिरिटमधला डाय लाखेच्या फडक्याबरोबर ओढला जातो, कारण लाखही स्पिरिटमध्येच विरघळते. निळ्याचा मोह बाभळीवर नको, गढूळ दिसतो. भेगा रंग वाळल्यावरच भरल्या. इन्स्टंट ग्लू लागलेल्या जागी रंग चढतच नाही.

आता 100 मिली स्पिरिटमध्ये 12 ग्रॅम चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) भिजतोय. मेण तळाशी बसलं की वरचं नितळ तेवढं घ्यायचं. सावंतवाडीचे कारागीर लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवून केवड्याच्या पानाने घोटतात, तो चकचकाट औरच. पण त्या रंगीत लाखेखाली हे डोळे झाकले जातील.

हवा दमट आहे, लाखेवर पांढरट झाक येईल. उघडीप मिळाली की पहिले पातळ हात. खैराच्या गाठीवर हे लोखंडी पाणी कुणी वापरलंय का? फोटो टाका.