बाबांचं 'झालं!'

आज माळा आवरताना बाबांच्या कॅसेटींचा डबा सापडला. प्रत्येकीवर निळ्या शाईत तारीख, गाणं आणि संगीतकार. गायकाच्या नावाला कधी जागा उरायची नाही, संगीतकाराचं मात्र कधी राहिलं नाही. थिएटरातही तेच. टायटल्स चुकली की पिक्चर फुकट गेला म्हणायचे!

आमच्या घरी सकाळचे आठ घड्याळात वाजत नसत. रेडिओ सिलोनवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम संपताना सैगल लागला, की मी दप्तर उचलायचं. (सैगल १९४७ साली गेले, तेव्हा बाबा जन्मलेही नव्हते. बोलायचे मात्र कालच भेटून आल्यासारखे.)

शेजारून टेपरेकॉर्डर आणला. टेप सैल झालेली, पेन्सिल घालून गुंडाळली. रेडिओसमोर टेप ठेवून भरलेलं गाणं ते. आधी नुसती खरखर, मग लांबून येणारा सैगल, आणि ऐन कडव्यात कुकरची शिट्टी. पाठोपाठ अगदी जवळून बाबांचा वैतागलेला आवाज, "झालं!"

सहा वर्षांनी ऐकला. चार वेळा मागे नेऊन ऐकला.

आई दारात उभी होती. म्हणाली, "कुकर माझा नव्हता हं, वरच्यांचा होता. तेव्हाही मलाच बोलले होते."